गुरुवारचं पाणी ते खडकवासल्याचा विसर्ग: सिंहगड रोडच्या बातम्या देणाऱ्या एका चॅनलबद्दल

पुण्यात सिंहगड रोडवर, आनंदनगरच्या बाजूला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळचे 80 आणि रात्रीचे 50 डबे जातात. पाणी कधी जाणार, रस्ता कुठे खोदलाय, यावर माझा दिवस ठरतो. म्हणून आमच्या भागाच्या बातम्या देणाऱ्या एका व्हॉट्सॲप चॅनलबद्दल सविस्तर लिहिते आहे. दोघं जण मिळून तो चालवतात. त्यातले काका पूर्वी दैनिकात वार्ताहर होते, आणि ताई क्षेत्रीय कार्यालयात सतत जाऊन माहिती काढतात. राजाराम पुलापासून धायरी फाट्यापर्यंतचा पट्टा ते बघतात. वाचायला पैसे लागत नाहीत. ज्याला वाटेल त्याने वर्षाला 300 रुपये वर्गणी द्यायची. मी देते, आणि ते पैसे सार्थकी लागतात असं माझं ठाम मत आहे.

गुरुवारचंच बघा. देखभाल-दुरुस्तीसाठी महापालिका गुरुवारी पाणी बंद ठेवते तेव्हा तिची सूचना सगळ्या शहरासाठी एकच असते. पर्वती एमएलआर टाकी परिसर, वडगाव जलकेंद्र परिसर, लष्कर जलकेंद्र, मग गावांची भलीमोठी यादी आणि शेवटी ठरलेलं वाक्य: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. आपली सोसायटी नेमक्या कोणत्या टाकीवर आहे हे किती जणांना माहीत असतं? चॅनलवाले ती सूचना फोडून देतात. विठ्ठलवाडीच्या कमानीकडच्यांना कधी, हिंगण्याच्या चढावरच्यांना कधी, आनंदनगरला कधी. त्याहून उपयोगाचं म्हणजे शुक्रवारी सकाळी ते पुन्हा लिहितात की पाणी आलं का, आलं तर कुठवर. चढावरच्या घरांना दुपारपर्यंत धार लागत नाही, हे सरकारी सूचनेत कधीच नसतं. मी गुरुवारच्या मेनूला पालेभाजी ठेवत नाही, कारण ती धुवायला पाणी फार लागतं. त्या दिवशी उसळ नाहीतर पिठलं. हे आदल्या दिवशी ठरवता येतं ते या संदेशामुळे.

रस्त्याच्या बातम्या ठीक असतात. उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा त्यांची खरी गरज होती. राजाराम पुलाजवळचा टप्पा 15 ऑगस्ट 2024 ला सुरू झाला, पुढचे टप्पे नंतर. त्या काळात कोणता यू-टर्न बंद आहे हे त्यांच्याकडे वेळेवर कळायचं आणि माझा डबे पोचवणारा मुलगा त्यावरच निघायचा. आता कोंडी फनटाइम थिएटरच्या पुढे सरकली आहे, आणि ती रोज सांगून काही नवीन कळत नाही.

पण ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते पावसाळ्याबद्दल आहे. 25 जुलै 2024 ची पहाट सिंहगड रोडवर कोणी विसरलेलं नाही. खडकवासला धरणातून 35,000 क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि मुठा नदीकाठच्या एकतानगरीत माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. होड्या आणाव्या लागल्या, लष्कराचे जवान आले. माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी तिथे तळमजल्यावर राहत होत्या. त्यांचं गव्हाचं पीठ, कपडे, नातवाची दहावीची पुस्तकं, सगळं गेलं. वेळेत सूचना मिळाली नाही ही तक्रार तेव्हा घरोघरी होती. चॅनलने रात्री विसर्गाचे आकडे वेळेसह टाकले होते. पहाटेची मोठी वाढ मात्र त्यांच्याकडे आली तोवर लोकांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलेलं होतं. ही त्यांची उणीवच. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः ती लिहिली आणि मग जे काम केलं ते मला फार मोलाचं वाटतं.

क्युसेकचा आकडा वाचून सामान्य माणसाने करायचं काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, हे शाळेतल्या मुलालाही पाठ होईल, पण त्यावरून गाडी काढायची की नाही हे ठरत नाही. या दोघांनी नदीकडच्या गल्ल्यांमध्ये घरोघरी विचारलं. किती विसर्गाला तुमच्या मागच्या भिंतीला पाणी लागलं, कधी पार्किंगमध्ये आलं, कधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर. त्यावरून गल्लीनिहाय तक्ता केला. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हेही तिथे साध्या भाषेत लिहिलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विसर्ग पुन्हा वाढवला तेव्हा मावशींनी तो तक्ता बघून संध्याकाळीच गॅस सिलिंडर आणि पिठाचा डबा वरच्या शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. धरण तेच, आकडा तोच, पण या वेळी त्यांना त्याचा अर्थ लागत होता.

दुसरी परीक्षा जानेवारी 2025 मध्ये झाली, जीबीएसच्या, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या साथीच्या वेळी. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या भागात रुग्ण सापडत होते आणि आमच्यासारख्या डबे देणाऱ्यांना दिवसभर फोन येत होते. पनीर बंद करा, चिकन बंद करा, तुमचं पाणी कुठलं, पोळ्या करणाऱ्या बायका कुठून येतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला असा सरळ लागत नाही, हेच लोकांना माहीत नव्हतं. सोसायट्यांच्या ग्रुपवर नुसता गोंधळ होता, कोणीतरी कोणाच्या तरी डॉक्टरचा आवाज म्हणून पाठवायचं. चॅनलने त्या दिवसांत एक नियम पाळला: आरोग्य विभागाने सांगितलं तेवढंच लिहायचं, आणि कोणी, कधी सांगितलं ते खाली द्यायचं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तेव्हा तो दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो, म्हणून पाणी उकळा आणि अन्न नीट शिजवा, इतकं स्वच्छ लिहिलं. महापालिकेने खाजगी आरओ प्रकल्प बंद केले ती बातमीही भागासकट दिली. मी तो संदेश छापून केंद्राच्या दारावर लावला, शेजारी आमचं पाणी उकळण्याचं पातेलं दिसेल असं ठेवलं. फोन कमी झाले.

आता जे खटकतं तेही सांगते. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती फार झाल्यात. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. तक्रार घेऊन जायचं कोणाकडे हा प्रश्न होता आणि त्या काळात हा चॅनल लोकांचा आधार झाला. म्हणूनच इच्छुकांचे हसरे फोटो पाणी बंदच्या सूचनेवर येऊन बसतात तेव्हा वाईट वाटतं. जाहिराती घ्या, घर चालायला हवं, पण त्यांना संध्याकाळची वेगळी वेळ द्या. सकाळी सात ते दहा फक्त सूचना, एवढं केलंत तरी पुरे.

दुसरं, धायरी फाटा आला की त्यांची माहिती विरळ होते. 2017 आणि 2021 मध्ये जी गावं महापालिकेत आली तिथले लोक कर भरतात, टँकरही मागवतात, आणि जीबीएसची झळ त्यांनाच सर्वात जास्त लागली. किरकटवाडीकडच्या माणसाला आज हा चॅनल अर्धाच उपयोगी आहे. तिथला कोणी जोडीला घ्यायला हवा. तिसरं, जुना संदेश शोधता येत नाही. पूरतक्ता तरी कायम वर दिसेल असा ठेवावा.

राजाराम पूल ते वडगाव या पट्ट्यात राहत असाल, नदीच्या बाजूला तर नक्कीच, चॅनल आजच फॉलो करा आणि सूचनेचा आवाज बंद ठेवू नका. पाचपैकी चार तारे. घरात वयस्कर माणूस एकटा असेल तर त्यांच्या फोनवर घालून द्या आणि तक्त्यातली आपली गल्ली मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. मावशींच्या नव्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तसंच लावलं आहे.