सॅडलबॅग : नऊ महिने, लेह आणि नाशिकचा अख्खा पावसाळा

बाइकच्या सीटवरून दोन्ही बाजूंना लटकणारी ही बॅग मे महिन्यात घेतली. रोल-टॉप, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायचं, दोन्ही बाजू मिळून ४० लिटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात निम्मी चूक माझीच.

जूनअखेर आम्ही तिघं नाशिकहून तीन बाइकवर निघालो. (आपला मुंबई-आग्रा रोड पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ३ होता, आता तो नंबर मनाली-लेहकडे गेलाय. आमच्यातला एकजण हे प्रत्येक ढाब्यावर सांगत होता.) मनालीपर्यंत बॅगेची आठवणही झाली नाही, हेच तिचं कौतुक.

मनालीपुढे टांडीच्या पेट्रोलपंपावर कॅन भरण्यात वेळ गेला. झिंगझिंगबारजवळच्या नाल्यावर पोचेपर्यंत दुपार, म्हणजे बर्फ वितळून पाणी चढलेलं. बूट भरले, बॅग आतून कोरडी. पैसे वसूल म्हटलं.

गंमत त्यानंतर. वॉटरप्रूफ म्हणजे हवाबंदही, हे डोक्यातच आलं नव्हतं. तोंड गच्च गुंडाळलं मनालीत, साधारण २,००० मीटरवर. पुढची बारालाचा खिंड ४,८९० मीटर. बाहेरचा दाब घटला तशी चिवड्याची पुडी फुगली आणि बॅगही टम्म झाली. उजवीकडची जाऊन टेकली सायलेन्सरला. सरचूला उतरून बघतो तर रुपयाएवढं भोक!

दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅगांतली हवा काढून पट्टे आवळले. गाटा लूप्सची २१ वळणं, मोरे प्लेन्स, तांगलांगला खिंड (५,३२८ मीटर), काही त्रास नाही. लेहकडे उतरताना उलटं झालं : धड असलेली डावी बॅग आक्रसली, पट्टे सैल पडून ती हेलकावे खायला लागली. उपशीला थांबून पुन्हा आवळली.

भोकाला टेप लावला तो लेहमध्ये टिकला, कारण तिथे पाऊसच जेमतेम. त्र्यंबकच्या पावसात पहिल्याच रविवारी निघाला. जर्किन ओलं, डब्यातल्या पोळ्यांचा लगदा. शेवटी ट्रकच्या ताडपत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून गरम करून ठिगळ मारून घेतलं. ते बॅगेच्या मूळ जोडांपेक्षा दणकट निघालं. त्यानंतर कसारा घाट चार वेळा, आत थेंब नाही.

बक्कल मात्र रद्दी. दोन तुटली, सुटी मिळत नाहीत, पूर्ण पट्टा घ्या म्हणतात.

घ्यायची तर सायलेन्सरच्या बाजूला हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) आधी बसवा, आणि चढावर प्रत्येक चहाला तोंड उघडून हवा सोडा. मी अजून तीच वापरतोय, ठिगळासकट.