घरी सांभाळायला कोणती: पेट्रोल जीप, प्युजो डिझेल की जिप्सी?

जुनी फोर बाय फोर घ्यायची म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "गगनबावडा चढंल काय?" तिन्ही चढतात, तो विषय तिथेच सोडा. शनिवारी दारात उघडलेली गाडी रविवारी रात्रीपर्यंत परत जोडून होईल का, आणि जे घरी जमणार नाही ते उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या वसाहतीत, कोण करून देईल, हे आधी बघा. उंच बॉनेटची पेट्रोल जीप म्हणजे सीजे ३बी, प्युजो डिझेल इंजिनची एमएम ५४० आणि मारुती जिप्सी या तिघी मी त्याच हिशेबाने समोरासमोर ठेवतोय.

सांगाडा तिघींचा सारखाच. चासी वेगळी, बॉडी वेगळी, पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग), दोन्हीकडे अख्खे ॲक्सल. पाना, जॅक, स्टँड आणि ग्रीस गन असली की निम्मं काम अंगणात उरकतं. फोर व्हीलही तिन्हींत पार्ट टाइम आहे, मधे डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळणं घेतली की पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक कुठेच जिरत नाही आणि ताण शाफ्टवर, क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा), गिअरवर येतो. पन्हाळ्याच्या रस्त्यावर मजा म्हणून फोर टाकणाऱ्या आधीच्या मालकाची गाडी घेताना शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघा.

इंजिनात मात्र तिघींच्या वाटा वेगळ्या होतात.

सीजे ३बी १९५३ साली अमेरिकेत आली आणि महिंद्राने ती इथे पुढे कितीतरी वर्षं बनवली. बॉनेट उंच, कारण आतलं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. रोजची देखभाल सोपी: पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कार्ब्युरेटर. फीलर गेज आणि थोडी सवय असली की टायमिंगपर्यंतचं सगळं स्वतः करता येतं, रस्त्यात बंद पडली तर कारणही बहुतेक वेळा हाताला लागतं. अडचण पुढे आहे. एग्झॉस्टची सीट जळाली तर नुसतं हेड पिशवीत घालून वर्कशॉपला नेऊन भागत नाही, सीट ब्लॉकमध्येच असते. एक तर गाडी नेऊन जागेवर ग्राइंडिंग करून घ्यायचं, नाही तर इंजिन उतरवायचं. घरी चेन पुली टांगायला जागा नसेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

एमएम ५४० मधलं प्युजो २,११२ सीसीचं, साधं, आवाजी, टर्बो नसलेलं डिझेल. पॉइंट-प्लगची कटकट नाही. घरी काय होतं? फिल्टर बदलणं, डिझेल लाइनमधली हवा काढणं, टॅपेट, बेल्ट, हिटर प्लग तपासणं. सकाळी थंडीत उशिरा घेत असेल तर हिटर प्लग एकेक सोडवून मल्टिमीटर लावा, मेलेला लगेच कळतो. पंप आणि नोझल मात्र घरी उघडू नयेत, ते टेस्ट बेंचचं काम आहे. या इंजिनाचं दुखणं उष्णता. रेडिएटर चोंदलेला असला आणि वर घाट असला की हेड गॅस्केटवर येतं. गाडी बघायला गेलात तर इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा, मग इंजिन चालू करून बुडबुडे येतात का ते बघा. विकणारा "आत्ताच गरम झालीय, नको उघडू" म्हणाला तर चहा घ्या आणि थांबा. घाई त्याला असते, तुम्हाला नको.

इथे कोल्हापूरचा फायदा डिझेलच्या पारड्यात पडतो. शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनवून ज्या गावाने गावोगाव पाठवली, तिथे जुना डिझेल ब्लॉक बघून कुणी बिचकत नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, स्लीव्ह, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, एखादा न मिळणारा बुश लेथवर काढून देणं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसींमुळे ओतकामापासून हीट ट्रीटमेंटपर्यंत ओळखी निघतात. त्यात ग्रामीण भागात वर्षानुवर्षं वडाप, म्हणजे शेअर प्रवासी वाहतूक, जीपगाड्यांवरच चाललं, म्हणून राधानगरी-गारगोटीकडेही डिझेल जीपचा आवाज ऐकून दोष सांगणारा मेस्त्री भेटतो. पेट्रोल जीपचा जाणकार तुलनेने विरळ, आणि बहुतेक वयस्कर.

जिप्सीचं गणित उलटं. १९८५ ला ९७० सीसीची आली, १९९६ ला १,२९८ सीसीची किंग, आणि २००० पासून एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. इंजिन हलकं, सुटं करायला सोपं, पेट्रोल असल्याने थरथर कमी. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला सांगता आलं नाही तर गाडी घरी आणल्यावर पहिलं काम तेच. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीत बारीक व्हॅक्यूम पायपांचं जाळं असतं, एक चिरला तरी गाडी गचके खाते, आणि दोष शोधताना नवशिका कार्ब्युरेटरच खोलून बसतो. एमपीएफआय घेतली तर स्कॅनर लागणार. पण ती रोज वापरता येते, हे बाकी दोघींबद्दल मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता पुढच्या चाकाचा गोळा, म्हणजे ॲक्सलच्या टोकाची ती गोल घडण, जिच्याभोवती चाक वळतं. जिप्सीत आणि जुन्या सीजेत ती बंद असते, आत जॉइंट ग्रीसमध्ये फिरतो, वर-खाली किंगपिनचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांचे, बेअरिंग. गाडी बघताना चाक पूर्ण वळवा आणि गोळ्यावर बोट फिरवा. पातळ, काळं, ऑइलच्या वासाचं ग्रीस बोटाला लागलं तर आतलं ॲक्सल सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑइल गोळ्यात उतरून ग्रीस पातळ करतंय. पाणीमिश्रित, दुधाळ दिसलं तर गाडी नदीनाल्यात उतरलीय आणि नंतर कुणी उघडलेली नाही. दुरुस्ती घरी होते, दिवसभराची आणि घाणेरडी. ड्रम किंवा डिस्क काढा, हब काढा, स्टब काढा, शाफ्ट ओढा, सगळं डिझेलने धुवा. परत बसवताना किंगपिनखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) जशा निघाल्या तशाच वर-खाली परत गेल्या पाहिजेत. डबीत एकत्र टाकल्या तर बेअरिंगचा ताण चुकतो आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागतं. मग लोक टायर बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतात.

गंजाचं सांगायचं तर जिप्सी तिघींत सगळ्यात नाजूक. पत्रा पातळ, आणि चासीच्या पेटीसारख्या भागात तांबडी माती शिरली की पावसाळाभर ओलीच राहते. दाजीपूर-गगनबावड्याकडे फिरवणार असाल तर परत आल्यावर खालून धुणं हा देखभालीचाच भाग धरा. छोटी हातोडी घेऊन चासीवर, मागच्या कमानीजवळ, बॉडी माउंटच्या आसपास टकटक करत जा. टणक आवाज हवा, बद्द आला तर तिथे पुटी किंवा नुसता रंग आहे. जीपचा पत्रा जाड, तोही सडतो, पण चौकोनी तुकडा कापून वेल्डिंग करणं सरळ काम आहे. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या रेलखाली वाळलेला गाळ शोधा.

अपग्रेड करताना आधी ब्रेक, मग दिवे, मग बाकी हौस. सीजे आणि एमएम ५४० ला चारही ड्रम, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पहिले काही ब्रेक नुसते पायाची समजूत काढतात. पुढे डिस्क बसवणं हा या दोघींवरचा सर्वात उपयोगी खर्च. जिप्सी किंगला पुढे डिस्क आधीच आहे. दिव्यांचं काम मात्र कोणीही घरी करावं. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून जातो आणि बल्बपर्यंत पोचेस्तोवर अर्धमेला होतो. बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर, दोन रिले, चांगलं अर्थिंग, एवढ्यावर त्याच बल्बचा उजेड वाढतो. एलईडी बार नंतर बघा. टायर फार मोठे नकोत. मूळ ६.००-१६ वर जीप जितकी हलकी वळते तितकी रुंद टायरवर वळत नाही, आणि ९७० सीसीच्या जिप्सीला मोठे टायर घाटात दम आणतात.

इंजिन बदलण्याचा मोह बहुतेकांना होतो, त्यात कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.सी.वर लिहिलेलं कंपनीचं मूळ रूप परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि वेगळी 'व्हीए' मालिका मिळते, मात्र गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. म्हणजे खरी जुनी पेट्रोल सीजे हातात असेल तर तिच्यात डिझेल बसवणं हा दुहेरी तोटा. एमएम ५४० आणि जिप्सी वयाने अजून तिथे पोचल्याच नाहीत. त्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,०००. हा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

माझं मत विचाराल तर, घराला मोकळं अंगण किंवा शेड, हात काळे करायची आवड आणि आठवड्यातून एकदाच गाडी काढणं, असं असेल तर एमएम ५४० घ्या. कोल्हापुरात तिच्याइतकी सोय दुसरीला नाही. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये राहता आणि बायकोमुलांनीही गाडी चालवायची आहे, तर जिप्सी, शक्य असेल तर किंग एमपीएफआय, आणि गंजासाठी वेगळे पैसे बाजूला. पेट्रोल सीजे फक्त त्याने घ्यावी ज्याला ती आहे तशीच ठेवायची आहे.

लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर कागदांची साखळी मूळ खरेदीदारापासून तुमच्यापर्यंत अखंड हवी. आणि टोकन देण्याआधी पॉलिश पेपर व थोडं डिझेल घेऊन चासी नंबरवरचा रंग-गंज हलक्या हाताने साफ करा, नंबर आर.सी.शी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिन नंबरही. त्यात फरक निघाला तर गाडी कितीही गोड वाजत असली तरी व्यवहार तिथेच थांबवा.