एसीएलची शस्त्रक्रिया : दहा महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या गांधी मैदानावर फुटबॉलचा सराव करताना पाय जमिनीत रुतला, अंग वळले आणि उजव्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला, त्याला आता वर्ष होत आले. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. पहिल्या ठिकाणी एक्स-रे पाहून 'हाड शाबूत आहे, मुरगळले असेल' असे सांगून तीन आठवडे प्लास्टर घातले गेले. लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, एक्स-रेत दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि त्या तीन आठवड्यांची हळहळ अजून वाटते. पुढे जिना उतरताना गुडघा निसटू लागला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी नडगी पुढे ओढून पाहिली आणि एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारे गुडघ्याच्या आतले लिगामेंट, पूर्ण तुटल्याचे दिसले.

ऑपरेशन महिनाभर लांबवले, कारण आखडलेल्या गुडघ्यावर ते केले तर तो पुढेही आखडलेला राहण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. तुटलेले लिगामेंट शिवले नाही. मांडीच्या मागच्या बाजूचे हॅमस्ट्रिंग स्नायूंचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोर) काढून, त्यांचा पीळ हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून बसवला.

खरे कष्ट त्यानंतरचे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करताना घाम फुटे. आई रोज गुडघ्याखाली तळहात सरकवून पाही. तो आरपार जाई. एकोणिसाव्या दिवशी तो मध्येच अडला, तेव्हा आम्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. वाकवण्यापेक्षा पूर्ण सरळ होण्याकडे आधी लक्ष द्यावे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबले, रंकाळ्याला फेरी होऊ लागली आणि पळावेसे वाटू लागले. फिजिओथेरपिस्टनी तेथेच अडवले: ग्राफ्टमध्ये, म्हणजे बसवलेल्या कंडऱ्यांच्या पिळात, नवा रक्तपुरवठा रुजत असताना, म्हणजे सुरुवातीच्या काही महिन्यांत, तो सर्वांत कच्चा असतो, आणि दुखत नसल्यामुळे माणूस नेमका तेव्हाच फसतो.

नडगीच्या बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. मांडी घालून जेवायला मात्र सहाव्या महिन्यापासून बसता येते. ज्यांना वळणावळणाचे खेळ खेळायचे नाहीत आणि ज्यांचा गुडघा निसटत नाही, त्यांनी नुसत्या व्यायामाचा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा.

शाहू स्टेडियमवरचा यंदाचा हंगाम मी गॅलरीतून पाहिला. गेल्या आठवड्यात एका पायावरच्या उडीची चाचणी झाली. उजव्या पायाची उडी डाव्याच्या 87 टक्के भरली. ती 90 च्या पुढे जाईपर्यंत सामना नाही, असे ठरले आहे.