पाच हजार कार्डांची भाषा: वारंवारतेवर चालणाऱ्या एका अ‍ॅपचे परीक्षण

गेले आठ महिने मी जर्मन शिकण्यासाठी एक अ‍ॅप रोज अर्धा तास वापरत आहे. पाच हजार शब्द, प्रत्येक शब्दाचे एक कार्ड आणि कार्डांचा क्रम वारंवारतेप्रमाणे, म्हणजे भाषेत जो शब्द सर्वांत जास्त वेळा येतो तो सर्वांत आधी, अशी त्याची साधी मांडणी आहे. या साच्याची अ‍ॅप्स आता इतकी झाली आहेत की एकाचे नाव घेऊन परीक्षण करण्यापेक्षा साचाच पारखलेला बरा. इथे सांगितलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्याच्या भावंडांनाही लागू पडतील.

ज्या पायावर हे अ‍ॅप उभे आहे तो भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. शब्द मोजण्याचा उद्योग संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. केडिंग यांनी जर्मन लघुलेखनाच्या सोयीसाठी सुमारे १ कोटी १० लाख शब्दांचा मजकूर माणसांकरवी मोजून घेतला आणि १८९८ मध्ये त्याचा कोश काढला. थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी तयार केली. या मोजण्यातून जो आकृतिबंध दिसतो त्याला आपण भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांच्या नावाने ओळखतो: दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा एक तृतीयांश वेळा, आणि ही उतरण पुढे तशीच चालू राहते. १९६० च्या दशकात तयार झालेल्या १० लाख इंग्रजी शब्दांच्या ब्राउन संग्रहात एकटा ‘द’ सुमारे ७ टक्के जागा व्यापतो, ‘ऑफ’ साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि जेमतेम १३५ शब्दांत निम्मा संग्रह संपतो.

त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत हे अ‍ॅप जे सुख देते ते खरे असते. कोणतेही जर्मन पान उघडावे आणि अर्धे शब्द ओळखीचे निघावेत, हा अनुभव पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या तीन धड्यांनी मला कधी दिला नव्हता. उजळणीची व्यवस्थाही चोख आहे. चुकलेले कार्ड लवकर परत येते आणि बरोबर आलेले दर वेळी अधिक लांबणीवर पडते. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाबद्दल जे दाखवले आणि लाइटनर यांनी पुढे कार्डांच्या खोक्यांत जे बसवले, तेच येथे गाजावाजा न करता काम करते. याबाबत तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती ‘१००० शब्दांत ८० टक्के भाषा’ या पहिल्याच पडद्यावरच्या वाक्यापासून. आकडा ढोबळमानाने चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ वाचणारा जो समजतो तो मात्र पार चुकीचा आहे. एक मराठी वाक्य घेऊ: ‘काल संध्याकाळी त्याने माझ्याकडे येऊन अमुक परत मागितली आणि मी ती तमुक असल्याचे सांगितल्यावर तो ढमुक निघून गेला.’ अठरांपैकी पंधरा शब्द आपल्याला ठाऊक आहेत, म्हणजे ८३ टक्के. तरीही काय घडले ते कळत नाही, कारण गाळलेले तीन शब्द ‘दुर्बीण’, ‘गहाण’ आणि ‘तणतणत’ हे आहेत आणि सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे. वारंवार येणारे शब्द वाक्य उभे करतात. ते कशाबद्दल आहे हे क्वचित येणारे शब्द सांगतात. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीविना वाचायचे तर ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुटुंब) लागतात. या अ‍ॅपची कार्डे पाच हजारांवर संपतात, आणि पुढे काय करायचे याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही.

यादी पारखण्याचा माझा उपाय सोपा आहे: असल्या साधनात आपली स्वतःची भाषा उघडून पाहावी. मी मराठीचा संच उघडला. ‘केला’, ‘केली’ आणि ‘केले’ ही तीन स्वतंत्र कार्डे निघाली, शिवाय ‘करून’ आणि ‘करण्यात’ वेगळी. ‘घर’, ‘घरी’, ‘घरात’, ‘घराच्या’ यांचेही तेच. ज्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात तिथे दोन कोऱ्या जागांमधील अक्षरे मोजली की एका शब्दाची मते दहा ठिकाणी फुटतात आणि तो यादीत हकनाक खाली जातो. याच्या उलट ‘वर’ या कार्डावर केवळ ‘च्यावर, वरच्या बाजूस’ एवढाच अर्थ होता. लग्नातला वर आणि देवाने दिलेला वर यांची मोजणी त्याच खात्यात जमा झालेली, पण अर्थातून मात्र दोघेही बेदखल. ‘कर’ आणि ‘पण’ यांची गतही निराळी नव्हती.

मजकूर कुठून उचलला हेही यादी लपवू शकत नाही. पहिल्या चारशे कार्डांत ‘पोलिसांनी’, ‘टक्के’ आणि ‘निर्णय’ होते; ‘उशी’, ‘कात्री’, ‘चमचा’ पाच हजारांत कुठेच नव्हते. वृत्तपत्रे मोजली की असेच होणार. गंमत म्हणजे हा धडा जुना आहे. १९५० च्या दशकात जॉर्ज गुगेनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलीतील फ्रेंच ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा त्यांना आढळले की रोजच्या वस्तूंची नावे प्रत्येकाच्या जिभेवर असतात, पण विषय निघाल्याशिवाय ती उच्चारली जात नाहीत, म्हणून मोजणीत सापडत नाहीत. त्यांनी अशा शब्दांची वेगळी गणना केली आणि मग मूळ यादीत भर घातली. सत्तर वर्षांनंतरच्या अ‍ॅपला एवढे करता येऊ नये, हे पटत नाही.

मला अधिक खटकलेली गोष्ट मात्र निराळी आहे. वारंवारतेने शब्दांचा क्रम लागतोच, पण ती शब्दांचे रूपही घडवते, आणि अ‍ॅप यांपैकी फक्त पहिली गोष्ट जाणते. सतत वापरातला शब्द झिजतो. आपण ‘म्हणजे’ लिहितो आणि घाईत ‘मंजे’ म्हणतो. ‘म्हातारा’मधला ‘म्ह’ मात्र शाबूत राहतो, कारण तो दिवसातून शंभर वेळा तोंडात घोळत नाही. जर्मनमध्ये ‘इन डेम’चे ‘इम’ झाले आणि ‘त्सू डेम’चे ‘त्सुम’. बोलण्यात ‘हास्ट डू’ सर्रास ‘हास्टं’सारखे ऐकू येते. अ‍ॅपमधला आवाज प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट आणि पूर्ण उच्चारतो. परिणाम असा झाला की पाचव्या महिन्यात जर्मन रेडिओ लावल्यावर मला लांबलचक, क्वचित येणारी नामे कळत होती आणि ज्यांवर मी सर्वाधिक वेळ घालवला होता ते पहिले दोनशे शब्दच निसटत होते.

अनियमित रूपांचेही तेच. मराठीत ‘बसला’, ‘चालला’, ‘निवडला’ हे सरळ रुळावरून धावतात. पण ‘जा’चे ‘गेला’, ‘ये’चा ‘आला’, ‘हो’चा ‘झाला’, ‘कर’चा ‘केला’, ‘दे’चा ‘दिला’. आडमुठी क्रियापदे नेमकी तीच आहेत जी आपण दिवसभर वापरतो, आणि हा योगायोग नाही. वारंवार कानावर पडणारे रूप अख्खेच्या अख्खे लक्षात राहते, त्याला नियमाचा आधार लागत नाही. क्वचित भेटणारे रूप आठवत नाही, म्हणून बोलणारा ते नियमाने नव्याने घडवतो आणि जुने रूप लोपते. एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. त्यांतली ९८ आजही अनियमित आहेत आणि टिकलेल्यांत जास्त वापरातल्यांचाच भरणा आहे.

आता याचा शिकणाऱ्यावर काय परिणाम होतो ते पाहा. पहिल्या काही शे कार्डांत मला ‘वार’ (होता), ‘गिंग’ (गेला), ‘काम’ (आला), ‘गाब’ (दिले) अशी भूतकाळाची अनियमित रूपे भराभर भेटली आणि नियम म्हणून काही दिसेचना. भाषाशास्त्रज्ञ जोन बायबी यांनी मांडलेला भेद येथे नेमका उपयोगी पडतो. एखादे रूप किती वेळा येते ही एक वारंवारता, आणि एखादा साचा किती वेगवेगळ्या शब्दांना लागतो ही दुसरी. पहिलीमुळे रूप मनात रुजते, दुसरीमुळे नियम अंगवळणी पडतो. ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणणारे मूल दुसरीच्या जोरावर बोलत असते. अ‍ॅपने पहिलीच मोजली. ‘माख्टं’ (केले), ‘झाक्टं’ (म्हटले), ‘फ्राक्टं’ (विचारले) अशी नियमित रूपे दहा-वीस शेजारी शेजारी ठेवली असती, तर जे मला चौथ्या महिन्यात व्याकरणाच्या पुस्तकातून कळले ते दुसऱ्या आठवड्यात कळले असते.

सुट्या शब्दांच्या हट्टाचा कळस म्हणजे जर्मनची विलग होणारी क्रियापदे. ‘ह्योरेन’ म्हणजे ऐकणे आणि ‘आउफ’ म्हणजे वर, पण ‘आउफह्योरेन’ म्हणजे थांबणे, आणि वाक्यात त्याचे दोन तुकडे होऊन एक मध्ये आणि दुसरा शेवटी जातो: ‘इश ह्योरं आउफ’, मी थांबतो. मोजणाऱ्या यंत्राने यातला एक तुकडा ‘ऐकणे’च्या खात्यात आणि दुसरा ‘वर’च्या खात्यात टाकला असणार, कारण हे रोजचे क्रियापद मला २,६०० व्या कार्डापर्यंत भेटलेच नव्हते.

तेव्हा घ्यावे की नाही? पहिल्या हजार कार्डांसाठी जरूर घ्यावे, आणि सोबत पहिल्या दिवसापासून खऱ्या गतीचे बोलणे ऐकावे. हजारानंतर क्रमवारीचा अर्थ पातळ होत जातो. ३,१०० वा शब्द ३,९०० व्यापेक्षा अधिक गरजेचा आहे, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, आणि त्या टप्प्यावर आपण जे वाचतो त्यातून काढलेली यादीच कामाची. अ‍ॅपमध्ये स्वतःची कार्डे घालण्याची सोय आहे, ती वापरावी. मी आता सुटे शब्द घालत नाही, पूर्ण वाक्ये घालतो. पाचापैकी तीन तारे देतो, आणि अर्धा तारा राखून ठेवतो तो एका पत्रोत्तरासाठी. ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’ आणि डोक्यावर दोन टिंबे असलेला ‘श्योन’ म्हणजे ‘सुंदर’. अ‍ॅपने टिंबे गाळून दोघांना एकाच कार्डावर बसवले होते. मी कळवले. दोन दिवसांत नम्र उत्तर आले की यादी आपोआप तयार होते, मात्र या कार्डाची नोंद घेतली आहे. कार्ड अद्याप तसेच आहे.