एसक्यूएल-अल्केमी: सेशन भक्कम, कॉपी मात्र आपल्यालाच करावी लागते

पायथॉनमधून डेटाबेस वापरण्याची ही लायब्ररी सेशन (डेटाबेसशी चाललेलं काम सांभाळणारा भाग) हाताळण्यात उत्तम आहे, पण ऑब्जेक्टची (टेबलमधल्या एका रोची) कॉपी काढायची सरळ सोय तिच्यात नाही. पायथॉनचं साधं 'कॉपी.कॉपी' वापरलंत तर फसाल. त्यात 'एसए_इन्स्टन्स_स्टेट' (लायब्ररीने ठेवलेली त्या ऑब्जेक्टच्या स्थितीची नोंद) हेसुद्धा नकलेत येतं, दोन्ही ऑब्जेक्ट एकाच स्टेटला चिकटतात आणि 'ॲड' करूनही नवी रो पडत नाही. एररही येत नाही, हे जास्त त्रासदायक.

'मेक_ट्रान्झियंट' (ऑब्जेक्टला सेशनपासून तोडून नव्यासारखं करणारं फंक्शन) चालतं, पण आधी 'रिफ्रेश' करा, म्हणजे व्हॅल्यू डेटाबेसमधून पुन्हा वाचा. कमिटनंतर (बदल डेटाबेसमध्ये पक्के केल्यावर) एक्स्पायर, म्हणजे जुन्या ठरलेल्या व्हॅल्यू 'मेक_ट्रान्झियंट'मध्ये गळतात. मग आयडी 'नन' करून 'ॲड' करा. मूळ ऑब्जेक्टचीच कॉपी होते, मूळ हातात राहत नाही. त्यापेक्षा मॅपरच्या (क्लास आणि टेबल जोडणाऱ्या भागाच्या) 'कॉलम_ॲट्र्स' या कॉलमच्या यादीवर लूप फिरवून, प्रायमरी की वगळून नवा ऑब्जेक्ट बांधणं बरं. चाइल्ड रेकॉर्ड (त्याला जोडलेल्या दुसऱ्या टेबलमधल्या रो) वेगळे कॉपी करावे लागतात, आणि युनिक कॉलम असेल तर तिथे नवी व्हॅल्यू द्यावीच लागते.

सेशन 'विथ' ब्लॉकमध्ये उघडा, एका रिक्वेस्टला एक. कमिटनंतर व्हॅल्यू एक्स्पायर करणारं 'एक्स्पायर_ऑन_कमिट' डिफॉल्टने चालू असतं. त्यामुळे कमिट करून सेशन बंद केल्यावर व्हॅल्यू वाचली की 'डिटॅच्ड इन्स्टन्स एरर' येते. बाहेरच्या ऑब्जेक्टच्या व्हॅल्यू सेशनमध्ये आणणारं 'मर्ज' वापरताना ते जे परत देतं तेच पुढे न्या, दिलेला ऑब्जेक्ट सेशनबाहेरच राहतो.