आखूड पात्याचे फिन्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अकरा ते पंधरा वर्षे वयाच्या, स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींच्या एका गटाला मी जलतरणाचे प्रशिक्षण देतो. या वयात हात लवकर सुधारतात आणि पाय रेंगाळतात, हा अनुभव मला दरवर्षी येतो. फ्रीस्टाइलमध्ये शर्यतीचा पहिला अर्धा भाग डौलात जातो आणि नंतर किक, म्हणजे पाय मारण्याची क्रिया, मंदावते. कंबर खाली जाते आणि मूल पाण्यातून पुढे सरकण्याऐवजी पाणी ढकलत बसते. यावर इलाज म्हणून आखूड पात्याचे सिलिकॉनचे फिन्स, म्हणजे पोहताना पायांत घालायचे कृत्रिम पर, मागवले आणि गेले आठ महिने ते सर्वांकडून नियमाने वापरून घेतले. माझे मत आधीच सांगतो: वस्तू उपयोगाची आहे, मात्र तिचा उपयोग ती पायांत असताना होतो त्याहून अधिक ती उतरवल्यानंतरच्या काही मिनिटांत होतो, आणि हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याने ती न घेतलेलीच बरी.

प्रथम वस्तूविषयी. टाच पूर्ण झाकणारा मऊ कप्पा आणि पायाच्या बोटांपुढे हाताची चार बोटे बसतील एवढेच पाते, अशी या फिन्सची रचना आहे. समुद्रात बुडी मारणारे लोक वापरतात त्या लांब फिन्सशी यांची गल्लत करू नये. लांब पात्याला पाण्याचा भार एवढा पडतो की पाय सावकाश आणि मोठ्या फेऱ्यांनी हलू लागतो, तर वेगवान फ्रीस्टाइलमध्ये दोन्ही हातांच्या एका पूर्ण आवर्तनात सहा वेळा पाय मारायचे असतात. ही लय लांब पात्याने टिकत नाही. आखूड पात्याने ती टिकते, आणि सरावाचे साधन म्हणून त्याला पसंती देण्याचे हेच मुख्य कारण आहे.

आता किकविषयी, कारण तिच्यात नेमके काय चुकते हे समजल्याशिवाय या साधनाचे गुणदोष कळणार नाहीत. बहुतेक मुले गुडघ्यातून किक मारतात. सायकल चालवावी तसा गुडघा पोटाकडे येतो, मांडी समोरच्या पाण्यावर आडवी पडते आणि प्रत्येक किकबरोबर थोडा ब्रेक लागतो. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सावकाश पोहताना न जाणवणारी ही चूक शर्यतीच्या वेगात फार महागात पडते. खरी किक कमरेच्या सांध्यातून सुरू होते. मांडी आधी हलते, गुडघा किंचित वाकून तिच्यामागे येतो आणि शेवटी सैल घोट्यातून पंजा चाबकाच्या टोकासारखा फटका देतो. पाय खाली मारणे सर्वांनाच जमते. पाय वर आणणे हेसुद्धा काम आहे आणि ते नितंबांच्या व मांडीच्या मागच्या स्नायूंनी करायचे असते, हे मात्र कितीही सांगितले तरी मुलांच्या पायांपर्यंत पोहोचत नाही.

फिन्सने मला सर्वांत मोठी मदत केली ती इथे. पाते वर जातानाही पाण्यावर दाबले जाते, त्यामुळे पाय वर नेण्याला असलेला विरोध मुलांना पहिल्यांदाच स्पष्ट जाणवला. गुडघ्यातून सायकल मारणाऱ्यांचे पाते पाण्यात सटकते आणि मागे नुसता फेस उसळतो, म्हणजे चूक दाखवायला मला काठावरून ओरडावे लागत नाही. पंजावर येणाऱ्या दाबाने घोटाही हळूहळू मोकळा होतो. ज्यांचे घोटे ताठ होते त्यांना मी याच्या जोडीला रोज काही मिनिटे वज्रासनात बसवले. घोटा ताठ असेल आणि पंजा मागे ताणला जात नसेल तर किकबोर्ड (हातांत धरायची तरंगती फळी) धरून जीव तोडून पाय मारणारे मूल जागच्या जागी राहते, क्वचित मागेही जाते. त्या मुलाला ताकद कमी म्हणून रागावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

थोडे विषयांतर करतो. सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइल ३ मिनिटे ४०.५९ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकणाऱ्या इयान थॉर्पच्या पायांना १७ नंबरचे बूट लागत असत. निसर्गाने ज्याला जन्मतःच फिन्स दिले आहेत त्याची किक दाखवून बाकीच्या मुलांना ‘असे करा’ म्हणणे मला अवघड वाटते. तरीही त्याची चित्रफीत मी दाखवतो, ती पायांच्या आकारासाठी नव्हे, तर अंतर ४०० मीटरचे असूनही ढळू न दिलेल्या सहा किकच्या लयीसाठी. त्याहून लांबच्या शर्यतींत अनेक जण एका आवर्तनात दोनच किक मारून शक्ती राखतात, कारण पायांचे मोठे स्नायू प्राणवायू फार वेगाने खर्च करतात. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचे बहुतांश काम हातच करतात. पाय शरीर आडवे आणि स्थिर ठेवतात, म्हणून किक दुबळी झाली की हातांची मेहनत वाया जाते.

दोषांकडे वळतो. या फिन्सचा पहिला आणि मोठा दोष असा की ते पायांत असताना सर्वांनाच आपण वेगवान झालो असे वाटते. माझ्या गटातील एक मुलगा ते काढायलाच तयार नसे. फिन्ससह घेतलेल्या वेळा त्याचे वडील वहीत टिपत आणि त्या दाखवून समाधान मानत. चार महिन्यांनी फिन्सशिवाय २०० मीटर किकची वेळ घेतली तेव्हा ती सुरुवातीच्या वेळेहून फार वेगळी नव्हती. स्पर्धेच्या नियमांनुसार फिन्स किंवा वेग वाढवणारे कोणतेही साधन शर्यतीत चालत नाही, म्हणून त्या वहीतील आकड्यांना काही अर्थ नाही. याउलट तेरा वर्षांच्या एका मुलीने प्रत्येक वेळी मी सांगितले तसे केले: फिन्स घालून २५ मीटरचे चार फेरे, लगेच फिन्स उतरवून तेवढेच चार, आणि दुसऱ्या चार फेऱ्यांत पायांना आठवणारी जाणीव जपण्याचा प्रयत्न. तिची फिन्सशिवाय २०० मीटर किकची वेळ आठ महिन्यांत ४ मिनिटे ६ सेकंदांवरून ३ मिनिटे ४९ सेकंदांवर आली. या वयात उंची आणि ताकद आपोआप वाढतात, तेव्हा सर्व श्रेय फिन्सला देता येणार नाही, पण वाढ तर त्या मुलाचीही झालीच होती. आता किकच्या एकूण अंतराच्या पाव हिश्शाहून अधिक अंतर मी फिन्ससह करू देत नाही.

कुणी विचारले की एकच गोष्ट निवडायची तर काय निवडाल, तर मी फिन्स निवडणार नाही. खोल पाण्यात उभे राहून, हात छातीवर घेऊन, हनुवटी पाण्याबाहेर ठेवत वीस सेकंद पाय मारण्याचा सराव अधिक प्रामाणिक आहे. गुडघ्यातून किक मारणारा त्यात बुडू लागतो, आणि या सरावाला कोणतेच साधन लागत नाही. किकबोर्डचीही मर्यादा अशीच: त्यावर डोके वर राहते, कंबर बुडते आणि पाठीवर ताण येतो. त्यामुळे फिन्सचा सराव मी बोर्डाशिवाय, हात पुढे ताणून, शक्यतो समोरचा स्नॉर्केल (तोंड पाण्यात ठेवून श्वास घेण्याची नळी) लावून करून घेतो.

वापरातील अडचणी कमी नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत निम्म्या मुलांच्या पोटरीत किंवा तळव्यात गोळे आले. तेव्हा दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये हे मी उशिरा शिकलो. टाचेवर फोड येतात, पातळ मोजे घातल्यास येत नाहीत. रबराचे फिन्स टिकाऊ असले तरी कडक आणि जड असतात. सिलिकॉन मऊ असते, पण आमच्या एका जोडीचा कप्पा पाचव्या महिन्यात शिवणीसारख्या रेषेवर चिरला. विक्रेत्याला कळवले तर क्लोरिनमुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही असे उत्तर आले. जलतरण तलावासाठीच विकलेल्या वस्तूला क्लोरिन चालत नाही, हे ऐकून मी निरुत्तर झालो.

ज्या मुलाला किक अजून समजलेलीच नाही, आणि ज्याचा गुडघा, घोटा किंवा टाच दुखते, त्याला हे फिन्स देऊ नयेत. मापाबाबत पालक नेहमी वाढता पाय धरून मोठी जोडी घेतात, ती पाण्यात पायातून निसटते आणि मूल बोटे आवळून ती धरून ठेवते, म्हणजे सैल राहायला हवा असलेला घोटा नेमका ताठ होतो. जोडी आजच्या मापाची घ्यावी, वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, आणि पिशवीत पाते दुमडून कोंबू नये. एकदा वाकडे झालेले पाते पुन्हा सरळ होत नाही, आणि मग एक पाय दुसऱ्याहून वेगळी किक शिकतो.