हातच्याची वजाबाकी: रीत सांगावी की मुलांना शोधू द्यावी?

दुसरी-तिसरीच्या वर्गात ५२ – २७ शिकवायचं आहे. फळ्यावर रीत सांगितली तर एका तासिकेत वह्या भरतात. पण पुढे त्याच वह्यांत ३५ हे उत्तर दिसू लागतं, कारण मुलं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, मग तो वर असो की खाली. शेजारून 'एक' आणला तर दोनाचे बारा कसे झाले, हे त्यांना कळलेलंच नसतं. पायरी विसरली की दुसरी वाट नाही, आणि गणिताची धास्ती अशाच जागी बसते. ही धास्ती पहिली-दुसरीतही असते, असं २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं; कार्यस्मृती, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, चांगली असलेल्या मुलांना तिचा फटका जास्त बसत होता.

शोधू द्यायचं तर चौघांच्या गटाला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. त्यातून २७ काढायला सांगा. एवढंच सांगून सोडलं, तर मुलं सगळे गठ्ठे सुटे करून एकेक काडी मोजतात. उत्तर २५ येतं, दशक मात्र कळत नाही. शिवाय एकजण काड्या हाताळतो आणि तिघं बघत बसतात. १६४ अभ्यासांच्या २०११ मधल्या एका आढाव्यातही हेच निघालं: नुसतं मोकळं सोडणं थेट शिकवण्यापेक्षा कमी पडतं, मदतीसह शोधणं मात्र सरस ठरतं.

म्हणून एक अट घाला: कमीत कमी गठ्ठे सोडायचे. मग मूल दोन सुट्या काड्यांपाशी अडतं आणि एकाच गठ्ठ्याचं रबर काढतं. चार गठ्ठे, बारा सुट्या. रबर निघालं की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहून घ्या. हे लिहिणं उद्यावर ढकललं तर काड्या वेगळ्या आणि गणित वेगळं राहतं. पुढे ६१ – ३८, मग सुटी काडीच नसलेलं ५० – २४. काड्या हाताळणारा आणि लिहिणारा दर गणिताला बदला.

इथे चूक झाली तरी गठ्ठा पुन्हा बांधता येतो, म्हणून मुलं धीटपणे करून बघतात. मात्र फार वेळ अडून बसलेलं मूल 'मला जमत नाही' असं ठरवून टाकतं. "सुट्या किती? हव्यात किती?" हा इशारा वेळेवर द्यावाच.

आमचा कौल मदतीसह शोधण्याला. त्यासाठी दोन तासिका ठेवा. 'एकोणपन्नास'सारखी संख्यानावं शोधून सापडत नाहीत, ती सांगूनच पाठ करून घ्यावीत. एकच तासिका हाती असेल, तर रीत सांगा, पण गठ्ठा सगळ्यांसमोर सोडून.